विश्लेषण : एसीतला ‘गॅस’ बदलतोय, परभणीच्या उन्हात नवी मिश्रणे टिकतील का?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कोणी काढली आणि किती गंभीरपणे काढली, यावर परभणीकरांचेही एकमत नाही. शीतकरणाच्या बाबतीत मात्र ती बरीचशी जुळते. ओझोनला धक्का न लावणारा आणि हवामानावर जवळपास भार न टाकणारा घरगुती फ्रिज पहिल्यांदा बाजारात आला तो जर्मनीत, दोन साध्या वायूंच्या मिश्रणावर. अशा नव्या वायूंची खरी परीक्षा होणार आहे ती मे महिन्यातल्या परभणीसारख्या गावांत, जिथे पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी त्याची आता मोठी बातमी होत नाही.

भारताने २०२८ पासून एसी-फ्रिजमधल्या हायड्रोफ्लुरोकार्बन म्हणजे ‘एचएफसी’ वायूंचा वापर गोठवण्याचे आंतरराष्ट्रीय वचन दिले आहे. त्यासाठीची आधारपातळी २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या वापरावरून ठरते. हा करार दिल्लीतला आणि किगालीतला वाटत असला, तरी त्याचा हिशेब शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकच्या सिलिंडरपाशी आणि तुमच्या आमच्या खिशापाशी येऊन थांबतो.

गॅस नेमके करतो काय?

माठातले पाणी गार का होते, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावे लागत नाही. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते. कूलरमध्ये हेच काम पंखा आणि ओली ताटी करते. परभणीची उन्हाळी हवा कोरडी असल्याने कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. अडचण पाण्याची. ज्या दिवसांत कूलर लागतो, नेमक्या त्याच दिवसांत नळाला पाणी नसते. (शीतकारकांच्या जागतिक यादीत पाण्यालाही क्रमांक आहे : आर-७१८. म्हणजे माठ हेही तांत्रिकदृष्ट्या नोंदणीकृत शीतकारकावर चालणारे यंत्रच.)

एसीतही वाफच होते. फरक एवढाच, की तिथला द्रव उडून जात नाही. तो बंद नळ्यांतच फिरतो. खोलीतल्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि खोलीची उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो. बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता हवेत सोडून वाफेचा पुन्हा द्रव होतो. पाणी १०० अंशांना उकळते, पण एसीला शून्याच्या खूप खाली उकळणारा द्रव लागतो. जुन्या एसीतला आर-२२ सुमारे उणे ४१ अंशांना उकळतो, आजच्या बहुतेक नव्या एसीतला आर-३२ उणे ५२ अंशांना.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा ‘संपत’ नाही. नळ्या बंद असतात. दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असे कोणी सांगत असेल, तर याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. या लेखातला सगळा प्रश्न त्या गळतीचाच आहे, कारण नळीत असेपर्यंत हा वायू कुणालाच त्रास देत नाही.

एक किलो गॅस आणि मोटारसायकल

हे वायू हवेत सुटले की काय होते, हे कळायला जगाला अर्धे शतक लागले. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे ‘सीएफसी’ वायू शीतकारक म्हणून पुढे आणले. त्याआधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. त्यांच्या तुलनेत हा नवा वायू न पेटणारा, बिनविषारी, जणू वरदानच. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले, की तो वातावरणात उंच जाऊन ओझोनचा थर कुरतडतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राची नोंद प्रसिद्ध झाली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत सीएफसी जवळपास हद्दपार झाले.

त्यांच्या जागी आधी आर-२२ सारखे ‘एचसीएफसी’ आले. ते ओझोनला कमी त्रास देतात, पण देतात. मग ‘एचएफसी’ आले. यांत क्लोरीनच नाही, म्हणून ओझोन सुरक्षित. दुखणे निघाले दुसरीकडे. हे वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो ते हजारो पट उष्णता अडवतात. या ‘पटीं’ना जागतिक तापमानवाढ क्षमता म्हणतात. कार्बन डायऑक्साइडची क्षमता १ धरली, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-२२ ची १८१०, अनेक वर्षे एसीत सर्रास वापरल्या गेलेल्या आर-४१०ए ची २०८८ आणि शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या आर-४०४ए ची तब्बल ३९२२.

हे आकडे हवेत राहतात, म्हणून जमिनीवर आणू. दीड टनाच्या आर-४१०ए एसीत साधारण किलोभर गॅस असतो. तो पूर्ण गळाला, तर २०८८ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हे झाले नऊशे लिटर पेट्रोल. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलवर ४५ हजार किलोमीटर. परभणी ते छत्रपती संभाजीनगर अशा शंभराहून अधिक फेऱ्या. आणि हे सगळे एका सैल फ्लेअर नटमधून.

वीज हा यातला दुसरा, आणि अनेकदा मोठा, वाटा. शेजारच्या परळीत काय जळते ते सर्वांना माहीत आहे. देशातल्या विजेचा सरासरी हिशेब धरला तर एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. वर्षाला हजार युनिट खाणारा एसी सातशे किलोला कारणीभूत होतो. त्यामुळे नवा वायू कितीही ‘हिरवा’ असला, पण त्याने वीज जास्त खाल्ली, तर फायदा वाहून जातो. शास्त्रज्ञांची डोकेदुखी इथूनच सुरू होते.

मग मिश्रण कशासाठी?

एका वायूकडून अपेक्षा तरी किती? तो पेटू नये, विषारी नसावा, योग्य दाबाला उकळावा, वीज कमी खावा, स्वस्त असावा, ओझोनला लागू नये आणि पृथ्वी तापवू नये. शिवाय यंत्रात वर्षानुवर्षे टिकावा, पण हवेत सुटला तर लवकर विरून जावा. शेवटच्या दोन अटी एकमेकींच्या विरोधात आहेत, हे लक्षात येईलच. रेणू हवेत लवकर तुटायचा तर तो थोडा ‘कच्चा’ हवा, आणि कच्चा रेणू बहुधा पेट घेतो.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये सहा कोटींहून अधिक रसायनांची यादी संगणकावर चाळली. एसीच्या कामाची आणि कमी तापमानवाढ क्षमतेची म्हणून उरली फक्त २७. त्यांतही प्रत्येकात काही ना काही खोट होतीच. निसर्गाच्या दुकानात हवा तो माल तयार मिळत नाही म्हटल्यावर उपाय एकच : दोन-तीन वायू मिसळून हवे ते गुण जुळवायचे.

मिश्रण करणे नवे नाही. आर-४१०ए हेच मुळात मिश्रण आहे. निम्मा आर-३२, निम्मा आर-१२५. हिशेब सोपा : आर-३२ ची क्षमता ६७५, आर-१२५ ची ३५००, वजनानुसार सरासरी काढली की २०८८. मग इतका घातक आर-१२५ घातलाच कशाला? कारण आर-३२ थोडासा पेटतो आणि आर-१२५ आग विझवतो. आर-१२५ हा वायू अग्निशमन यंत्रणांतही वापरला जातो. थोडक्यात, आर-४१०ए मध्ये आगीची भीती घालवण्यासाठी हवामानाची किंमत मोजली गेली.

नव्या मिश्रणांत ही किंमत परत घेतली जाते. आर-१२५ काढून टाकायचा आणि त्या जागी हायड्रोफ्लुरोओलेफिन म्हणजे ‘एचएफओ’ घालायचा. या गटातला आर-१२३४वायएफ हवेत काही दिवसांतच तुटतो, म्हणून त्याची क्षमता फक्त ४ धरली जाते. आर-३२ चे ६८.९ टक्के आणि आर-१२३४वायएफचे ३१.१ टक्के मिसळले की आर-४५४बी तयार होतो. क्षमता ४६६. प्रमाण उलटे केले, म्हणजे आर-३२ फक्त २१.५ टक्के ठेवला, की आर-४५४सी. क्षमता १४८. मोठ्या चिलरच्या जगात आर-१३४ए ला पर्याय म्हणून आर-५१३ए आहे. तो पेटत नाही, पण क्षमता ६३१ च्या खाली जात नाही.

हा शेवटचा मुद्दा योगायोगाचा नाही. निस्टच्याच संशोधकांनी नंतर आर-१३४ए ला पर्याय शोधण्यासाठी एक लाखाहून अधिक संभाव्य मिश्रणे संगणकावर तपासली. अजिबात न पेटणाऱ्या मिश्रणांत तापमानवाढ क्षमता सुमारे निम्म्याने कमी करता येते, त्याहून फारशी नाही, असा त्याचा निष्कर्ष. त्याहून खाली जायचे, तर थोडी ज्वलनशीलता पदरात घ्यावीच लागते. ‘पूर्ण सुरक्षित आणि पूर्ण हिरवा गॅस’ असे कोणी विकायला आले, तर हा निष्कर्ष आठवावा.

भारतातही मिश्रणांवर काम झाले आहे. एसआरएफ या कंपनीने विकसित केलेल्या आर-४६७ए या मिश्रणाला शीतकारकांना क्रमांक देणाऱ्या अमेरिकेतील ‘ॲश्रे’ या संस्थेची मान्यता मिळाली. असा क्रमांक मिळवणारे ते पहिलेच भारतीय मिश्रण.

चिवड्यातले शेंगदाणे

मिश्रणाला एक स्वभावदोष आहे आणि तो मेकॅनिकसाठी फार महत्त्वाचा आहे. मिसळलेले वायू वेगवेगळ्या तापमानाला उकळतात. काही जोड्या मात्र एकजीव झाल्यासारख्या वागतात. आर-४१०ए त्यांतला, म्हणून तो इतका लोकप्रिय झाला. पण आर-४०७सी किंवा आर-४५४सी सारख्या मिश्रणांत उकळण्याची सुरुवात आणि शेवट यांत पाच ते आठ अंशांचे अंतर पडते. याला ‘ग्लाइड’ म्हणतात.

आता अशा यंत्राला गळती लागली, तर सगळे घटक सारखे गळत नाहीत. हलका, लवकर उकळणारा घटक आधी पळतो. डब्यातल्या चिवड्यातून पोरांनी शेंगदाणे वेचून खावेत तसे. उरलेल्या चिवड्यावर नवा चिवडा ओतला, तरी शेंगदाण्यांचे मूळ प्रमाण परत येत नाही. म्हणून अशा मिश्रणावर नुसता ‘टॉप-अप’ मारायचा नसतो. उरलेला गॅस काढून घ्यायचा, गळती बुजवायची, व्हॅक्यूम करायचा आणि वजन करून नवा गॅस भरायचा. सिलिंडरमधूनही तो वायुरूपात न घेता द्रवरूपात घ्यायचा, नाहीतर सिलिंडरमध्येच चिवडा बिघडतो.

यासाठी रिकव्हरी मशीन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा लागतो. तालुक्याच्या गावी दुचाकीच्या डिकीत गेज आणि एक सिलिंडर घेऊन फिरणाऱ्या कारागिराकडे हे सगळे असेल, ही अपेक्षा आज वास्तवाला धरून नाही. माझ्या मते मिश्रणांच्या कहाणीतला सर्वांत कच्चा दुवा इथेच आहे. रसायनशास्त्र बरेच पुढे गेले, पण ते वापरणाऱ्या हातांपर्यंत वजनकाटा पोहोचला नाही.

४५ अंशांना काय होते?

प्रत्येक वायूचे एक ‘क्रांतिक तापमान’ असते. त्याच्या वर कितीही दाबले तरी वाफेचा द्रव होत नाही. आर-२२ चे ते ९६ अंश आहे, प्रोपेनचे ९७. आर-४१०ए चे मात्र फक्त ७१ आणि आर-३२ चे ७८.

बाहेर ४५ अंश असेल, तर उष्णता बाहेर टाकण्यासाठी आऊटडोअर युनिटमधला वायू त्याहून दहा-पंधरा अंश जास्त तापलेला असावा लागतो. म्हणजे ५५ ते ६०. ते युनिट पत्र्याच्या छतावर, भिंतीला चिकटून किंवा दोन इमारतींमधल्या बोळात असेल, तर त्याच्या भोवतीची हवाच पन्नाशीच्या पुढे जाते. मग नळीतला वायू ६५ ला टेकतो. आर-४१०ए साठी ही कड्याच्या टोकाची जागा. क्रांतिक तापमान जवळ आले की किलोमागे वाहून नेता येणारी उष्णता झपाट्याने घटते. हमालाच्या डोक्यावरचे पोते हलके होत जाते, फेऱ्या मात्र तेवढ्याच. कॉम्प्रेसर धडधडत राहतो, बिल वाढते आणि खोली मात्र ‘आज एसी काही गार करेना’ अशी. दाबही भारी : त्याच तापमानाला आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपट असतो.

‘जुना एसी नव्यापेक्षा चांगला गार करायचा’ ही परभणीतली तक्रार त्यामुळे केवळ आठवणींचा गोडवा नव्हे. पन्नाशीच्या उन्हात आर-२२ खरोखरच दमदार वायू होता. त्याची जागा घेणाऱ्याला हवामान राखून तो दम दाखवायचा आहे.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१५ मध्ये याच प्रश्नासाठी ५२ आणि ५५ अंशांपर्यंतच्या तापमानात पर्यायी वायू चालवून पाहिले. आर-३२ ने आर-४१०ए पेक्षा चांगली कामगिरी केली. प्रोपेनने आर-२२ पेक्षा वीज चांगली वाचवली, पण थंडावा देण्याची ताकद थोडी कमी पडली. आर-३२ ची एक खोड आहे : कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना तो फार तापतो. त्यात एचएफओ मिसळला की ही गरमी उतरते. म्हणजे आर-४५४बी सारखी मिश्रणे फक्त हवामानासाठी नाहीत, उन्हाळी प्रदेशात कॉम्प्रेसरच्या आयुष्यासाठीही उपयोगी ठरू शकतात.

आपल्याकडच्या एसीवरचे तारे कसे मिळतात, हेही या निमित्ताने पाहू. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ताऱ्यांची पद्धत वर्षाला १६०० तासांचा वापर आणि बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश असे गृहीत धरते. देशाची सरासरी म्हणून ते योग्यच. पण वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत मे महिन्यात ज्या दुपारी पारा ४४ दाखवतो, ती दुपार या हिशेबात बसतच नाही. ताऱ्यांसोबत उच्च तापमानातली क्षमता छापणे सक्तीचे केले, तर मराठवाडा-विदर्भातल्या ग्राहकाला तिचा जास्त उपयोग होईल.

किगाली करारात अतिउष्ण देशांसाठी वेगळी सवलत आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती यांच्यासह ३४ देश त्या यादीत आहेत. भारत नाही. निकष संपूर्ण देशाच्या सरासरीचा असतो आणि त्या सरासरीत परभणीसोबत बेंगळूरू आणि शिमलाही येतात.

जर्मनीचे काय?

१९९२ मध्ये एकत्रीकरणानंतरच्या जर्मनीत पूर्वेकडचा एक सरकारी फ्रिज कारखाना बंद पडण्याच्या मार्गावर होता. त्याच सुमारास डॉर्टमुंडच्या आरोग्य संस्थेतील हॅरी रोजिन आणि हान्स प्राइझेनडान्त्स यांनी प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण शीतकारक म्हणून वापरून दाखवले होते. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने कारखाना आणि संशोधक यांची गाठ घालून दिली आणि दहा नमुना फ्रिज बनवून घेतले. मोठ्या कंपन्यांनी ‘हा घरातला बॉम्ब आहे’ अशा धाटणीचा प्रचार केला. लोकांनी मात्र फ्रिज बनण्याआधीच हजारोंनी मागणी नोंदवली. १९९३ मध्ये ‘ग्रीनफ्रीज’ बाजारात आला. विरोध करणाऱ्या कंपन्याही थोड्याच काळात त्याच वाटेवर आल्या.

पुढे मिश्रणाऐवजी शुद्ध आयसोब्युटेन वापरणे सोपे ठरले. आज तुमच्या घरातला फ्रिज गेल्या काही वर्षांतला असेल, तर मागच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ लिहिलेले सापडण्याची शक्यता दाट. तो हाच. क्षमता सुमारे ३.

या धाग्याचे दुसरे टोक महाराष्ट्रात आहे. गोदरेज अँड बॉइसने जर्मन सरकारच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून पुण्याजवळच्या शिरवळ येथे प्रोपेनवर चालणाऱ्या घरगुती स्प्लिट एसीची निर्मिती उभी केली आणि २०१२ मध्ये ते बाजारात आणले. प्रोपेन म्हणजे आर-२९०. क्षमता ३ च्या आसपास, क्रांतिक तापमान ९७. कागदावर पाहिले तर परभणीसाठी याहून योग्य वायू नाही. तरीही भारतीय बाजार आर-३२ कडे वळला. डायकिनने २०१३ मध्ये आर-३२ चे एसी भारतात आणले आणि एकेक कंपनी त्या वाटेने गेली. कारण एकच, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

पेट घेईल का?

शीतकारकांचे सुरक्षेनुसार वर्ग पाडलेले आहेत. आर-२२ आणि आर-४१०ए ‘ए-१’, म्हणजे न पेटणारे. आर-३२ आणि आर-४५४ मालिकेतली मिश्रणे ‘ए-२एल’, म्हणजे मुश्किलीने पेटणारी आणि ज्योत संथ पसरणारी. प्रोपेन, आयसोब्युटेन ‘ए-३’, म्हणजे सहज पेटणारे. बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत चालणारा अमोनिया पेटतो कमी, पण विषारी आहे.

प्रोपेनचे प्रमाण हवेत दोन टक्क्यांवर गेले की तो पेटू शकतो, आर-३२ ला त्यासाठी चौदा टक्के लागतात. दहा बाय दहाच्या आणि दहा फूट उंच खोलीत साडेतीनशे ग्रॅम प्रोपेन गळून सगळीकडे सारखा पसरला, तर तो पेटण्याच्या मर्यादेच्या साधारण एक तृतीयांश भरतो. पण तो सारखा पसरत नाही. हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून खोलीच्या आकारानुसार किती गॅस चालेल, याची मर्यादा मानकांत घातलेली असते. तुलनेसाठी : स्वयंपाकघरातल्या घरगुती सिलिंडरमध्ये याच जातीचा १४.२ किलो वायू असतो आणि त्याच्याशेजारी आपण रोज काडी ओढतो.

धोका खरा आहे तो वापरणाऱ्याला कमी, दुरुस्ती करणाऱ्याला जास्त. गॅस नीट न काढता नळीवर ब्रेझिंगची ज्योत लावली, की अपघात होतो. आणखी एक धोकादायक ‘जुगाड’ म्हणजे आर-२२ च्या जुन्या एसीत प्रोपेन किंवा थेट स्वयंपाकाचा गॅस भरणे. तो गार करतो, हेच वाईट. त्या यंत्राचे स्विच, रिले, जोडण्या पेटणाऱ्या वायूसाठी बनवलेल्या नसतात. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ओलावा आणि वासाची रसायने असतात, ती कॉम्प्रेसर खातात. उलट शीतकरणासाठीच्या शुद्ध प्रोपेनला वास नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळत नाही.

भेसळीचा धोका तर याहून भयंकर. २०११ मध्ये जहाजावरच्या शीत-कंटेनरांत भेसळयुक्त शीतकारक भरला गेला होता. त्यातल्या मिथाइल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवेच्या संपर्कात येताच पेटणारे रसायन तयार झाले आणि वेगवेगळ्या देशांत मिळून तीन कामगार दगावले. स्वस्त, बिनलेबलचा सिलिंडर म्हणूनच स्वस्त पडत नाही.

मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. शीतकारकांची मागणी २०३७-३८ पर्यंत २५ ते ३० टक्के आणि शीतकरणासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्के कमी करण्याचेही. कागद चांगला आहे. पण प्रशिक्षण म्हणजे एका दिवसाचे शिबिर आणि प्रमाणपत्र नव्हे. ज्या पोराने वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली काम शिकले, त्याला ए-२एल आणि ए-३ मधला फरक हाताने करून दाखवावा लागेल, आणि त्यासाठी जिंतूर-गंगाखेडहून पुण्याला जावे लागू नये.

खिशाला काय पडेल?

१५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारताने तिला २०२१ मध्ये मंजुरी दिली. वेळापत्रक असे : २०२८ मध्ये वापर गोठणार, २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २० टक्के, २०४२ मध्ये ३० टक्के आणि २०४७ मध्ये एकदम ८५ टक्के कपात. जगभर हे पाळले गेले तर शतकाअखेर सुमारे अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. मर्यादा मोजली जाते ती वजनात नाही, तापमानवाढ क्षमतेत. त्यामुळे २०८८ चा वायू विकणाऱ्याचा कोटा ६७५ किंवा ४६६ वाल्यापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने संपतो. आर-४१०ए आणि आर-४०४ए महाग होत जाण्याचे हेच कारण असेल.

आर-२२ चे दिवस त्याआधीच भरत आले आहेत. नव्या यंत्रांत तो भरणे आता बंद आहे, आणि २०३० पासून केवळ जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा वाटा उरेल. घरात, दुकानात किंवा दूध शीतकरणाच्या टाकीवर आर-२२ चे यंत्र असेल आणि त्याला वारंवार गळती लागत असेल, तर पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ते बदलण्याचा हिशेब मांडून ठेवावा.

नवी मिश्रणे डोळे झाकून घ्यावीत असेही नाही. आर-१२३४वायएफ हवेत तुटल्यावर ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल तयार होते. ते पावसासोबत खाली येते, पाण्यात विरघळते आणि सहजी नष्ट होत नाही. युरोपात त्यावरून एचएफओंवरच निर्बंध आणावेत का, हा वाद सुरू आहे. बोअरवेलवर जगणाऱ्या जिल्ह्याने या वादाकडे लक्ष ठेवलेले बरे. एकदा भूजलात गेलेले परत काढता येत नाही, हे आपण नायट्रेटच्या बाबतीत पाहतोच आहोत.

नवा एसी घेताना किंवा दुरुस्ती करून घेताना तीन-चार गोष्टी विचारता येतात. यंत्रावरच्या पट्टीवर कोणता वायू आणि किती ग्रॅम लिहिला आहे? भरणारा तोच वायू, त्याच वजनाने भरतो आहे का? गळती शोधली का, व्हॅक्यूम केला का? आऊटडोअर युनिटला दुपारची सावली आणि मागे हवा खेळायला जागा आहे का? शेवटच्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत, आणि ४५ अंशांत त्याचा फरक वायू बदलण्याइतका पडू शकतो.

आणि भंगाराचे. जुना एसी विकला जातो तेव्हा भंगारवाला तांब्यासाठी आधी नळी कापतो. फस्स आवाज होतो, दोन सेकंदांत शांतता. तो आवाज म्हणजे वर हिशेब केलेल्या शंभर फेऱ्या. ई-कचरा नियमांत एसी आणि फ्रिज येतात, अधिकृत पुनर्वापर केंद्रात हा वायू काढून घेणे अपेक्षित आहे. नळी कापण्याआधी वायू सिलिंडरमध्ये उतरवून घेणारे रिकव्हरी मशीन परभणीच्या भंगार बाजारापर्यंत आणायचे, तर त्या उतरवलेल्या गॅसला किलोमागे काहीतरी भाव मिळायला हवा. आज त्या दुकानात भाव आहे तो फक्त तांब्याला.